साडेसहा महिन्यांच्या बाळाचा एमआरआय आणि रक्तातील साखरेची एक नोंद : ऊसतोड कुटुंबातील प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबातील मुलाचे आहे. जन्मानंतर दुसऱ्या रात्री त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेली होती. पाचव्या महिन्यात त्याला झटके सुरू झाले आणि साडेसहाव्या महिन्यात काढलेल्या मेंदूच्या एमआरआयचा अहवाल ‘मायलिनेशन (मज्जातंतूंवर स्निग्ध आवरण चढणे) वयाच्या मानाने किंचित मागे, अन्य विशेष दोष नाही’ असा आला. जन्मावेळची नोंद हाती आल्यानंतर तोच एमआरआय दुसऱ्यांदा वाचला गेला, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना झालेली इजा त्यात दाखवता आली. तान्ह्या बाळाच्या मेंदूचे चित्र त्याच्या नेमक्या वयाशी आणि जन्माच्या इतिहासाशी जोडून वाचले नाही तर ते दिशाभूल करू शकते. आणि दरवर्षी सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबांत हा इतिहासच सर्वांत आधी गहाळ होतो. एवढ्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहिले आहे. बाळाची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत.

जन्म आणि पहिले नऊ दिवस

बाळाचे आईवडील दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्यावर गेले होते. आई आठवा महिना भरेपर्यंत फडात मोळ्या बांधत होती. जानेवारीत, सदतिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर, कारखान्याजवळच्या एका रुग्णालयात सिझेरियन होऊन मुलगा झाला. वजन १,९५० ग्रॅम होते, म्हणजे गर्भावस्थेच्या आठवड्यांच्या मानाने कमी. अशा बाळाच्या यकृतात साखरेचा साठा मुळातच थोडा असतो आणि मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा असल्यामुळे उपलब्ध साखरेचा मोठा वाटा एकटाच वापरतो. त्यामुळे कमी वजनाच्या बाळाला पहिल्या तासापासून चिकाचे दूध मिळणे आणि ठरावीक अंतराने टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासणे आवश्यक असते. या बाळाला आई वॉर्डात येईपर्यंत नातेवाइकांनी बोटाने मध चाटवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगावरचे दूध मिळाले नाही.

दुसऱ्या रात्री बाळ सुस्त झाले, रडेना, डोळे एका बाजूला फिरवू लागले आणि हातपाय थरथरू लागले. त्या वेळी मोजलेली साखर शंभर मिलिलिटर रक्तात १९ मिलिग्रॅम होती. आपल्याकडे ४५ च्या खाली गेली की उपचार करावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दहा टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून देऊन साखर वर आणली गेली, बाळ नवजात शिशु कक्षात राहिले आणि नवव्या दिवशी घरी, म्हणजे फडाशेजारच्या कोपीत (झोपडीत), परतले. जाण्यापूर्वी टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी झाली होती आणि ‘सोनोग्राफी नॉर्मल’ असे सांगण्यात आले. कुटुंबाने त्याचा अर्थ मेंदूला काही झालेले नाही असा घेतला, आणि तो घेणे स्वाभाविक होते.

टाळू ही बाळाच्या कवटीतली उघडी खिडकी आहे आणि तेथून सोनोग्राफीने मेंदूतील पोकळ्या, त्यांच्याभोवतीचा भाग व रक्तस्राव चांगला दिसतो; अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ती अमूल्य तपासणी आहे. परंतु पुढच्या टाळूवरून डोक्याच्या पार मागच्या भागातील वरचा थर नीट दिसत नाही, आणि नवजात बाळाची साखर फार खाली गेल्यास इजा प्रामुख्याने तेथेच, पश्चकपाल (सर्वांत मागचा, दृष्टीचा) व पार्श्वकपाल (त्याच्या पुढचा, वरचा) खंडांत होते. ज्या जागी इजा अपेक्षित होती तीच जागा त्या तपासणीच्या नजरेबाहेर होती. पहिल्या आठवड्यात एमआरआयचा ‘डिफ्यूजन’ प्रकार केला असता तर सुजलेल्या पेशींमुळे पाण्याच्या कणांची अडलेली हालचाल त्या भागात ठळक उमटली असती. ही खूण साधारण आठ-दहा दिवसांत पुसट होते आणि नंतर कितीही चांगले यंत्र वापरले तरी परत मिळत नाही.

आशा कार्यकर्तीच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी कोपीपर्यंत पोहोचल्या नाहीत, कारण हे कुटुंब त्या गावच्या यादीत नव्हते आणि स्वतःच्या गावच्या आशाताईला प्रसूती झाल्याचे कळलेले नव्हते.

पाचवा महिना

एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, कुटुंब गावी परतले. बाळ अंगाने भरले होते, आवाजाला वळत होते, पण आजीच्या लक्षात आले होते की लेकरू तोंडाकडे बघत नाही. जूनच्या सुरुवातीला एक नवीन गोष्ट सुरू झाली : झोपेतून उठल्यावर बाळ मान खाली घालून दोन्ही हात पुढे फेकायचे, क्षणभर थांबायचे, पुन्हा तसेच करायचे, असे दहा-पंधरा वेळा ओळीने. दचकते म्हणून दृष्ट काढली गेली, पोटात मुरडा येतो म्हणून गुटी बदलली गेली आणि एका दवाखान्यात वाताचे औषध मिळाले. या झटक्यांत बाळ निळे पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, आणि ‘फेफरे’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येते त्यातले यात काहीही नसते. त्यामुळे आपल्या भागात निदानाला आठवडेच्या आठवडे लागतात.

हा तान्ह्या बाळांतील झटक्यांचा ‘वेस्ट सिंड्रोम’ हा आजार. त्याचे वर्णन १८४१ साली विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून प्रथम केले आणि ते वर्णन त्याच्या स्वतःच्या मुलाचे होते. दिवसेंदिवस पाहणाऱ्या बापाचे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते. आमच्याकडे निदान आईने मोबाइलवर घेतलेल्या चाळीस सेकंदांच्या चित्रफितीवरून झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत बाळ पाहून जुलैच्या अखेरीस आमच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (वाढीत मागे पडणाऱ्या बाळांवर लवकर उपचार करणारे केंद्र) पाठवले, तेव्हा बाळ साडेसहा महिन्यांचे होते. पाचव्या महिन्यात धरू लागलेली मान पुन्हा कलंडत होती. ईईजीमध्ये (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात) या आजाराची ओळख असलेला उंच, विस्कळीत लहरींचा नमुना मिळाला. एमआरआय त्याआधीच, एका डॉक्टरांच्या सल्ल्याने, छत्रपती संभाजीनगरमधील एका खासगी केंद्रात झालेला होता आणि त्याचा अहवाल घेऊनच कुटुंब आले होते.

पहिला एमआरआय आणि त्या वयाची अडचण

तपासणीच्या मागणीपत्रावर ‘झटके, वाढीत मागे’ एवढेच लिहिलेले होते. वय महिन्यांत लिहिले नव्हते, जन्मवजन नव्हते आणि साखरेचा उल्लेख नव्हता. अहवाल लिहिणाऱ्याला या परिस्थितीत काय दिसले असेल हे समजण्यासाठी त्या वयाचा मेंदू एमआरआयवर कसा दिसतो हे पाहावे लागेल.

जन्मानंतर मेंदू ज्या वेगाने वाढतो तो वेग आयुष्यात पुन्हा येत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली निरोगी बाळांचे एमआरआय करून दाखवले की मेंदूचे एकूण आकारमान पहिल्या वर्षात १०१ टक्क्यांनी, म्हणजे दुपटीहून थोडे अधिक, वाढते आणि दुसऱ्या वर्षात आणखी १५ टक्क्यांनी. याच काळात मज्जातंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण चढत असते. ते खालून वर, मधून बाहेर आणि मागून पुढे अशा क्रमाने चढते. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात मेंदूस्तंभ आणि हालचालींचे तंतू वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा मागचा भाग यांत ते असतेच. दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या महासंयोजकाच्या मागच्या टोकाला ते चौथ्या महिन्याच्या सुमारास आणि पुढच्या टोकाला सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते.

एमआरआयवर मायलिनमुळे रंगच पालटतात. ‘टी-१’ या एका प्रकारच्या चित्रात मोठ्या माणसाचे श्वेतद्रव्य (मज्जातंतूंचा भाग) उजळ आणि धूसरद्रव्य (पेशींचा भाग) गडद असते, तर नवजात बाळात नेमके उलटे. उलट्याचे सुलट होताना मध्ये एक काळ असा येतो की दोन्हींची छटा जवळजवळ सारखी होते आणि सीमा पुसट होते. टी-१ मध्ये हा काळ साधारण सहा ते आठ महिन्यांचा आहे. ‘टी-२’ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात पालट त्याहून उशिरा होतो, आणि मायलिन न चढलेले श्वेतद्रव्य तोपर्यंत पाणीदार असल्यामुळे उजळ राहते. इजेनंतर उरलेला वणही टी-२ वर उजळच असतो. म्हणजे या बाळाचा एमआरआय अशा वयात झाला होता की एका चित्रात सीमा दिसत नाहीत आणि दुसऱ्यात उजळ वण उजळ पार्श्वभूमीत मिसळून जातो. बाळांच्या चित्रांचा नित्य सराव नसलेल्या आणि ‘झटके’ एवढ्या एका शब्दावर काम करणाऱ्या डॉक्टरने ‘विशेष दोष नाही’ लिहिणे मला अनाकलनीय वाटत नाही. अनाकलनीय वाटते ते मागणीपत्र.

नोंद सापडल्यावर

जन्मावेळी बाळ ‘काचेत ठेवले होते’ एवढेच आईला सांगता येत होते. पुढच्या भेटीत आजी प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत जपून ठेवलेले कागद घेऊन आली. त्यात माता व बाल संरक्षण कार्ड होते, टाके काढल्याची चिठ्ठी होती आणि घडीवर फाटत आलेले डिस्चार्ज कार्ड होते. त्यावर इतर मजकुरात, कोणतेही अधोरेखन नसलेली, ‘आरबीएस १९’ (आरबीएस म्हणजे रक्तातील साखर) ही नोंद आणि तिच्याखाली झटक्यांसाठी दिलेल्या फेनोबार्बिटोनची मात्रा होती. बाळ तोंडाकडे का पाहत नाही आणि झटके का आले, या दोन्ही प्रश्नांना एकत्र जोडणारा दुवा तोच होता.

आम्ही चित्रे मुंबईतील, मुलांच्या मज्जासंस्थेची चित्रे नित्य वाचणाऱ्या एका रेडिओलॉजिस्टकडे फेरवाचनासाठी पाठवली. फिल्मवर निवडक चित्रेच छापलेली असतात आणि फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो या कामासाठी निरुपयोगी असतो; पाकिटाच्या आत चिकटवलेल्या सीडीमध्ये मात्र सर्व छेद मूळ स्वरूपात होते. सोबत महिन्यांतील वय, जन्मवजन, साखरेचा आकडा, ती किती तासांनी मोजली, ईईजीचा निष्कर्ष आणि दृष्टीबद्दलचे निरीक्षण लिहून दिले.

फेरवाचनात दोन्ही बाजूंच्या पश्चकपाल खंडांत व पार्श्वकपाल खंडांच्या मागच्या भागात बाह्यक (मेंदूचा वरचा थर) पातळ, वळ्यांमधील भेगा रुंद आणि तेथील टी-२ छटा शेजारच्या श्वेतद्रव्याहून किंचित अधिक उजळ असल्याचे नोंदवले गेले. पोकळ्यांची मागची शिंगे थोडी फुगलेली होती. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते महासंयोजकाबद्दलचे निरीक्षण : मायलिन मागून पुढे चढत असताना या बाळात पुढचे टोक वयाप्रमाणे होते आणि मागचे टोक बारीक व मागे पडलेले होते. पहिल्या अहवालात याचीच नोंद ‘मायलिनेशन किंचित मागे’ अशी सरसकट झाली होती. सर्वत्र सारखा उशीर असता तर ‘पुढच्या महिन्यांत भरून निघेल’ असे म्हणायला जागा होती. क्रमच उलटला आहे म्हटल्यावर मागच्या भागातून येणारे तंतूच कमी झाले आहेत, हा अर्थ निघतो.

उपचार

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. फेरवाचनाची वाट पाहत उपचार थांबवले नव्हते. ईईजी हाती आला त्याच दिवशी तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड जास्त मात्रेत सुरू केले, कारण या झटक्यांत गेलेला प्रत्येक आठवडा वाढीला महाग पडतो. रक्तदाब, संसर्ग आणि साखर यांवर लक्ष ठेवले. दुसऱ्या आठवड्यात झटके थांबले आणि पुन्हा केलेल्या ईईजीत तो विस्कळीत नमुना उरला नव्हता. स्टेरॉइड बंद झाल्यानंतर महिनाभराचे अंतर ठेवून गोवर-रुबेलाची लस दिली.

एमआरआयचे खरे उत्तर दोन ठिकाणी उपयोगी पडले. झटके परतल्यास व्हिगाबॅट्रिन हे दुसरे औषध हाताशी असते, परंतु त्याने दृष्टीचे क्षेत्र आकसण्याचा धोका असतो. ज्या बाळाचा दृष्टीचा मेंदूभागच दुखावलेला आहे त्याच्याबाबत हा निर्णय अधिक विचाराने घ्यावा लागणार होता, आणि सुदैवाने तो घ्यावा लागला नाही. दुसरे म्हणजे, डोळ्यांच्या तपासणीत डोळे निर्दोष आढळल्यामुळे ‘नजर चांगली आहे, लक्ष देत नाही’ असा जो समज घरात रुजत होता, तो दूर करता आला. अडचण डोळ्यात नव्हती, डोळ्यांनी पाठवलेले समजून घेणाऱ्या भागात होती. अशी मुले स्थिर वस्तूपेक्षा हलणारी आणि फिकट वस्तूपेक्षा ठळक एकरंगी वस्तू लवकर टिपतात. आईने हे स्वतःच शोधले होते : चेहऱ्याकडे न पाहणारे बाळ तिने हलवलेल्या झेंडूच्या फुलामागे मान वळवत होते. तेच धरून पुढचा घरचा कार्यक्रम आखला. काळ्या कापडासमोर एका वेळी एकच पिवळी किंवा लाल वस्तू, शांत खोलीत, दिवसातून अनेकदा पण थोडा वेळ.

दसऱ्यानंतर आईवडील पुन्हा कारखान्यावर गेले. बाळ या वेळी आजीजवळ गावीच राहिले, कारण झटक्यांचे औषध खंड न पडता मिळणे कोपीवर शक्य नव्हते. आईला त्यासाठी काय सोसावे लागले ते येथे मोजता येणार नाही.

सव्वादोन वर्षांचा एमआरआय

दोन वर्षे उलटल्यावर वेगळ्या प्रकारचे झटके सुरू झाले. नजर एका बाजूला ओढली जायची, मूल गप्प व्हायचे आणि कधी उलटी व्हायची. हे पश्चकपाल भागातून उगम पावणाऱ्या झटक्यांशी जुळत होते. या वयात मायलिनचा मोठा भाग चढून झालेला असतो आणि तोवर फारसे उपयोगी नसलेले ‘फ्लेअर’ हे एमआरआयचे आणखी एक प्रकारचे चित्र वण दाखवू लागते, म्हणून पुन्हा एमआरआय करण्याचे ठरले.

दीड ते तीन वर्षांचे मूल एमआरआयसाठी सर्वांत अवघड. तान्ह्या बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपवता येते; मोठ्या मुलाला समजावता येते; या वयात दोन्ही चालत नाही आणि बहुतेक ठिकाणी भूल किंवा ट्रायक्लोफॉसचे गुंगीचे औषध हाच मार्ग असतो. संशोधनासाठी निरोगी मुलांचे एमआरआय करणारे गट मात्र औषध देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी रात्रीच्या नैसर्गिक झोपेत तपासणी करण्याची पद्धत बसवली आहे. आम्ही तीच वापरली. केंद्राने शेवटच्या रुग्णानंतरची रात्रीची वेळ दिली. आदल्या आठवड्यात यंत्राच्या आवाजाची ध्वनिफीत आजीने झोपताना मोबाइलवर हळू आवाजात लावली, त्या दिवशी दुपारची झोप चुकवली, आणि औषधाची तयारी हाताशी ठेवली.

यंत्राच्या खोलीत धातू नेता येत नाही आणि तिथे आपल्या घरांतले बारकावे समोर येतात. मुलाच्या कमरेचा करदोटा सुती होता, पण त्यात चांदीचा मणी होता. गळ्यातल्या ताइतात लोखंडाचा तुकडा होता. बाजारचे काजळ पुसावे लागले, कारण त्यातील धातूंच्या अंशाने डोळ्यांजवळचे चित्र बिघडू शकते. करदोटा सोडायला आजी तयार नव्हती. ‘आजी, तो तुमच्याच हातात राहू द्या, लेकरू बाहेर आलं की तुम्हीच बांधा,’ असे सांगितल्यावर तिने गाठ सोडली. आईची जोडवी साबण लावून काढावी लागली. फोमचे बोळे आणि त्यावर कानपट्टे लावून मूल झोपेतच टेबलावर ठेवले गेले, आणि ते मध्येच जागे होईल हे गृहीत धरून सर्वांत आवश्यक चित्रे आधी घेतली. ते जागे झाले तेव्हा टी-२, डिफ्यूजन आणि फ्लेअर हाती आलेले होते.

चित्रात शंकेला जागा नव्हती. दोन्ही मागच्या खंडांतील वळ्या मुळाशी बारीक झालेल्या, भोवती फ्लेअरवर ठळक उजळ वण, महासंयोजकाचे मागचे टोक बारीक. साडेसहाव्या महिन्यात केवळ सरावलेल्या डोळ्याला दिसणारी इजा आता कोणालाही दिसली असती. इजा वाढलेली नव्हती. भोवतीचा मेंदू परिपक्व झाल्यामुळे ती उघडी पडली होती. आईवडिलांना हे दोनदा समजावून सांगावे लागले, कारण दोन अहवाल शेजारी ठेवल्यावर आजार बळावला असेच कोणालाही वाटेल. लेव्हेटिरासेटाम या झटक्यांच्या औषधाने नवे झटके आटोक्यात आले.

संशोधनातील चित्रे आणि आजीचा प्रश्न

दुसऱ्या एमआरआयनंतर आजीने विचारले, ‘डॉक्टरसाहेब, ह्यात दिसतंय का, लेकरू साळंत जाईल का ते?’

या प्रश्नाचे उत्तर देताना संशोधनातील आणि दवाखान्यातील चित्रांमधला फरक पाळावा लागतो. लंडनमधील ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम’ प्रकल्पाने नवजात बाळांच्या मेंदूतील जोडण्यांचे तपशीलवार नकाशे केले. प्रकाशाने मेंदूतील रक्तातला प्राणवायू मोजणारी टोपी वापरून गांबियातील केनेबा येथे आणि आपल्या उत्तर प्रदेशातील शिवगड येथे खेड्यांतील बाळांचा अभ्यास झाला. शिवगडच्या अभ्यासाने दृश्य स्मृतीशी संबंधित मेंदूक्रियेचा घरच्या परिस्थितीशी संबंध तपासला. या टोपीला दाट काळे केस अडथळा करतात, म्हणजे आपल्याकडे जावळ काढल्यानंतरचे दिवस तिच्यासाठी सोयीचे ठरतील. ०.०६४ टेस्लाचे, चाकांवर ढकलत नेता येणारे एमआरआय यंत्रही आता आले आहे आणि कमी साधनांच्या देशांत बाळांवर त्याचा अभ्यास चालू आहे. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात असे यंत्र पहिल्या आठवड्यात उपलब्ध असावे, असे मला मनापासून वाटते.

परंतु हे अभ्यास गटांबद्दल बोलतात. शेकडो बाळांच्या सरासरीतून निघालेला फरक एका बाळाचे भविष्य सांगत नाही. २०२२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेले मेंदूवाढीचे आलेख १,२३,९८४ एमआरआयवर आधारलेले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य युरोप-अमेरिकेतील असल्याचे त्यांच्या कर्त्यांनीच नमूद केले आहे. बीडच्या पावणेदोन-दोन किलोच्या बाळाला त्या आलेखावर बसवताना सावध राहावे लागते. म्हणून आजीला चित्रावरून सांगता येण्यासारखे होते तेवढेच सांगितले : हातापायांच्या हालचालींचे मार्ग शाबूत दिसतात, तेव्हा चालण्याची आशा चांगली आहे, ऐकण्या-बोलण्याचे भाग थेट दुखावलेले नाहीत, पाहून ओळखणे अवघड जाईल आणि शाळेत पुढे बसवून, मोठ्या ठळक अक्षरांनी शिकवावे लागेल.

मूल आता तीन वर्षांचे आहे. ते हात न धरता चालते, दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलते, आजीला आवाजावरून आणि साडीच्या रंगावरून ओळखते, जमिनीवरची वस्तू मात्र अनेकदा त्याच्या पायाखाली येते. अंगणवाडीत त्याच्यासाठी पिवळा पाट ठेवला आहे. केंद्राच्या एमआरआय मागणीपत्रावर आता महिन्यांतील वय, गर्भावस्थेचे आठवडे, जन्मवजन, नवजात कक्षातील सर्वांत कमी साखर आणि जन्म कोठे झाला हे रकाने छापलेले आहेत. जन्म हंगामात बाहेरगावी झाला असल्यास डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. पुढचा एमआरआय सध्या ठरवलेला नाही. झटक्यांचे स्वरूप बदलले किंवा औषधाला दाद मिळेनाशी झाली तरच तो केला जाईल. दृष्टीच्या कामकाजाची तपासणी मात्र दर सहा महिन्यांनी चालू आहे.